शीआनच्या संग्रहालयातला एक दिवस: चांदीवरचा घोडा, भिंतीवरची मुलगी

गोदाकाठची (मूळ लेखन)

अठ्ठावीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी हर्षवर्धनाच्या धड्यात चिनी प्रवासी युआन श्वांग यायचा. आमच्या लहानपणी त्याला ह्युएनत्संग म्हणत. पाठीवर पोथ्यांची चौकट, पायात साध्या वहाणा, असं ते पुस्तकातलं चित्र. त्यामुळे धाकट्या बहिणीची मुलगी वैद्यकीच्या शिक्षणासाठी शीआनला निघाली तेव्हा घरातले सगळे तिथल्या थंडीची आणि जेवणाची चौकशी करत होते, आणि मी म्हणाले, "अगं, हे तर जुनं चांगआन! तो इथूनच निघाला आणि इथेच परत आला."

नोव्हेंबर २०१९ मध्ये मी तिच्याकडे आठ दिवस राहिले. मातीचे सैनिक पाहिले, तटबंदीवरून चालले. त्यावर इथे बऱ्याच जणांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते एका मंगळवारबद्दल, शांसी इतिहास संग्रहालयातल्या दिवसाबद्दल. परवा कपाट आवरताना त्या दिवसाची वही सापडली, म्हणून हा धागा.

मंगळवार अशासाठी, की सोमवारी संग्रहालय बंद असतं. सकाळी लवकर पोचलो तरी फुकट तिकिटाची रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती. रांगेत आजी-आजोबा जास्त, प्रत्येकाच्या हातात गरम पाण्याचा थर्मास आणि एखादं नातवंड. भाचीला युक्ती ठाऊक होती. आतल्या एका खास दालनाचं ३० युआनचं तिकीट घेतलं की त्यावरच आत सोडत. मला तर त्या दालनासाठीच जायचं होतं.

इमारत १९९१ मध्ये उघडली. झांग जिनछिउ या वास्तुविशारद बाईंनी ती तांग घराण्याच्या काळच्या (सातवं ते दहावं शतक) राजवाड्यांच्या धाटणीवर बांधली: करडी कौलं, लांब पसरलेले छपरांचे पंख, पांढऱ्या भिंती. लाल-सोनेरी भपका अजिबात नाही. बाहेर थोडा वेळ थांबून ती बघावी, कारण आत शिरल्यावर गर्दी काही बघू देत नाही.

पहिली दालनं आम्ही भराभर उरकली. झोउ काळातल्या कांस्यपात्रांसमोर इतकी माणसं होती की मला टाचा उंचावूनही काचेचा वरचा कोपराच दिसला. दोन वस्तूंशी मात्र थांबले. एक वाघाच्या आकाराचं कांस्याचं अर्धं खूण-पत्र. उजवा अर्धा राजाकडे, डावा सरदाराकडे. पन्नासपेक्षा जास्त सैनिक हलवायचे तर दोन्ही अर्धे जुळायला हवेत, असं त्यावर सोन्याच्या अक्षरांत लिहिलंय. फक्त शत्रू आल्याचा जाळ पेटला असेल तर जुळवत बसायची गरज नाही, अशी सोयही त्यातच केलेली. दुसरी वस्तू हान काळातल्या सम्राज्ञीची शुभ्र जेडची मोहोर. बाजू २.८ सेंटिमीटर, वजन ३३ ग्रॅम, म्हणजे मुठीत लपेल एवढी. १९६८ मध्ये शाळेतून घरी येणाऱ्या एका मुलाला ती पाटाच्या कडेला चमकताना दिसली. वडिलांनी ती शीआनला नेऊन जमा केली. त्यांना प्रवासखर्चाचे २० युआन मिळाले. त्या कपाटाजवळून मला हलवेना. वर्गातल्या कितीतरी मुलांचे खिसे मला आठवले, गोट्या, काचा, गुळगुळीत दगड भरलेले.

मग ते ३० युआनचं दालन. हेजियात्सुनचा ठेवा.

१९७० च्या ऑक्टोबरमध्ये शीआनच्या दक्षिण भागात हेजियात्सुन इथे एका बांधकामाचा पाया खणताना मातीचा मोठा रांजण लागला. काही दिवसांनी शेजारीच दुसरा. आत हजारावर वस्तू, त्यात सोन्याचांदीची भांडीच सुमारे २७०. कोणीतरी घाईत, पण नीट पुरलेलं. हे 'नीट' फार महत्त्वाचं. चांदीच्या डब्यांच्या झाकणांवर आतून शाईने लिहिलंय, कोणतं औषधी द्रव्य आणि किती वजनाचं. म्हणजे शहरावर संकट आलंय, पळायचंय, आणि तरी कोणीतरी बसून यादी केलीय. परत येऊन उघडायचं होतं म्हणूनच ना? तो माणूस परत आला नाही. माझ्या आजीची गोष्ट घरात सांगतात. प्लेगच्या साथीत गाव सोडताना तिने धान्याच्या कणग्यांवर खडूने पायल्यांचे आकडे घातले होते. तिथे उभी असताना मला तीच दिसत होती.

रांजणातली नाणी बघा: पूर्व रोमचं सोन्याचं, इराणच्या दुसऱ्या खुस्रोचं चांदीचं, जपानची पाच चांदीची, आणि चीनचीच, त्या काळीही हजार-बाराशे वर्षं जुनी. हा माणूस संग्राहक होता की काय! एकाच अकीक दगडातून कोरलेला शिंगवाल्या प्राण्याच्या तोंडाचा पेला आहे. त्याच्या मुस्कटाला सोन्याचं टोपण. २००२ मध्ये ज्या ६४ वस्तू देशाबाहेर प्रदर्शनाला न्यायच्या नाहीत असं ठरलं, त्यात तो आहे. सगळी गर्दी त्याच्यासमोर.

मी मात्र अर्धा तास घालवला तो चांदीच्या एका सुरईसमोर. उंची वीतभर. भटक्या घोडेस्वारांच्या कातडी पखालीसारखा आकार, झाकणाला बारीक साखळी, आणि दोन्ही बाजूंना उठावाचा, सोन्याचा मुलामा दिलेला एकेक घोडा. मागचे पाय दुमडून बसलेला, मानेला उडती फीत, शेपूट वर, तोंडात पेला धरलेला.

तांग घराण्याच्या श्वेनत्सोंग बादशहाकडे असे नाचणारे शंभर घोडे होते. त्याच्या वाढदिवसाच्या उत्सवात रेशमी झुली घालून ते वाद्यांच्या तालावर नाचत आणि शेवटी पेला तोंडात धरून बादशहापुढे गुडघे टेकत. ७५५ मध्ये आन लूशान या सेनापतीचं बंड झालं, दरबार राजधानी सोडून पळाला. काही घोडे फिरत फिरत एका सेनापतीच्या पागेत पोचले. ते काय होते हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. एके दिवशी छावणीत मेजवानी होती, वाद्यं वाजली आणि घोडे नाचू लागले. मोतद्दारांना वाटलं भुतानं झपाटलं. त्यांनी झाडू घेऊन मारायला सुरुवात केली. घोड्यांना वाटलं आपला ताल चुकतोय, म्हणून ते आणखी मन लावून नाचले. मार वाढत गेला. नाचता नाचताच ते मेले.

भाची हे मला हळू आवाजात सांगत होती. सांगून झाल्यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

दुपारी तळघरातल्या भित्तिचित्रांचं दालन. त्याचं तिकीट वेगळं आणि महाग, त्यामुळे आत जेमतेम पंधरा माणसं. तांग राजपुत्रांच्या थडग्यांतून काढून आणलेली चित्रं, अंधुक उजेडात, काचेमागे. पोलो खेळणारे स्वार, परदेशी वकील (म्हणजे राजदूत), बुरूज. झांगहुआय राजपुत्राच्या थडग्यातलं एक चित्र आहे, आठव्या शतकाच्या सुरुवातीचं. राजवाड्याच्या बागेत तिघीजणी. एक डोक्यातल्या आकड्याशी चाळा करत वर उडणाऱ्या हुदहुद पक्ष्याकडे बघतेय. मधली अगदी पोरसवदा, झाडाच्या खोडावरचा सिकाडा (झाडावर किर्र करणारा किडा) पकडायला दबकत निघालीय. तिसरी पोक्त बाई, खांद्यावर उपरणं, कुठेच बघत नाहीये. बाहेर कधी पडू न शकलेल्या बायकांची दुपार. चित्रकाराने हे राजपुत्राच्या थडग्यात काढलं, याचं मला फार नवल वाटतं.

मातीच्या गिलाव्यात गवत-काडी मिसळलेली, वर चुन्याचा हात. आपल्या अजिंठ्याला भुसा घातलेला गिलावा आहे त्याचंच भावंड. वकिलांच्या चित्रासमोर मला अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पुलकेशीच्या दरबारातला इराणी वकील आठवला.

संध्याकाळी चालत मोठ्या हंस-पॅगोडाला गेलो. युआन श्वांगाने आणलेल्या पोथ्या नीट राहाव्यात म्हणून ६५२ मध्ये तो बांधला. युआन श्वांग देशाबाहेर जायची मनाई मोडून निघाला होता, आणि ६४५ मध्ये परतला तेव्हा २० घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. स्वागताला शहर लोटलं होतं. पॅगोडा किंचित कललेला आहे. मी पायरीवर बसले. नाशिकहून आणलेले बेदाणे भाचीने आणि मी खाल्ले. अठ्ठावीस वर्षं ज्याच्यावर पाच मार्कांचा प्रश्न घातला, त्याच्या दारात.

शांघायकर

ताई, फार आतून लिहिलंय. मी दहा वर्षं चीनमध्ये आहे आणि या संग्रहालयात तीनदा गेलोय. नव्याने जाणाऱ्यांसाठी सांगतो, २०१९ ची पद्धत आता राहिली नाही. पहाटे जाऊन रांगेत उभं राहून तिकीट मिळेल ही आशा सोडा. आधी फोनवरून वेळ आरक्षित करावी लागते, पासपोर्टच्या क्रमांकावर. सुट्ट्यांच्या दिवसांत काही मिनिटांत जागा संपतात. माझं एकदा असं झालं की नाव पासपोर्टवर आहे तसं भरलं नाही, आडनाव पुढे टाकलं, आणि दारावर अर्धा तास गेला. १ ऑक्टोबरनंतरचा आठवडा तर टाळाच, अख्खा देश फिरायला निघालेला असतो.

दुसरं, मे २०२४ मध्ये छिन-हान काळासाठी या संग्रहालयाची नवी शाखा शहराच्या वायव्येला उघडली आहे. त्या काळातल्या वस्तू तिकडे मांडल्या आहेत, त्यामुळे मोहोर किंवा वाघ बघायचाच असेल तर कुठे आहे ते आधी पाहून घ्या. दोन्हीकडे एका दिवसात जाऊ नका.

चाफा

घोड्यांचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण एक विचारते, राग मानू नका. ही गोष्ट खरी आहे का? की मार्गदर्शक लोक सांगतात त्यातली? 'मार खाऊनही मन लावून नाचले' हे फारच गोष्टीसारखं आहे.

ताम्रपट

चाफा, प्रश्न योग्य आहे. गोष्ट तांग काळातच लिहून ठेवलेल्या दरबारी आठवणींत येते, मार्गदर्शकांनी रचलेली नाही. अर्थात, त्या आठवणी घटनेनंतर शंभरेक वर्षांनी लिहिलेल्या आहेत, तेव्हा शेवटच्या प्रसंगाला तिखटमीठ लागलं असेल. घोडे नाचत होते आणि पेला तोंडात धरून गुडघे टेकत होते हे मात्र वेगळ्या पुराव्याने पक्कं आहे. झांग युए हा श्वेनत्सोंगचा मंत्री कवी होता. त्याने तो उत्सव स्वतः पाहून कविता लिहिल्या, त्यात पेल्याचा उल्लेख आहे. १९७० पर्यंत हे फक्त शब्दांत होतं. रांजणातून सुरई निघाली तेव्हा बाराशे वर्षांनी तो घोडा पहिल्यांदा डोळ्यांना दिसला.

ठेवा कोणाचा याबद्दल दोन मतं आहेत. आधी मानत की ७५५-५६ च्या बंडात एका राजपुत्राच्या घरच्यांनी पुरला. नंतरच्या अभ्यासकांनी ७८३ च्या सैनिकी उठावाकडे बोट दाखवलं, आणि तो सरकारी खजिन्यातला, कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने लपवलेला असावा असं मांडलं. रांजणांत दक्षिणेतून कर म्हणून आलेल्या चांदीच्या चकत्या आहेत, त्यांवर गावाचं नाव आणि ७३१ सालचा उल्लेख कोरलेला आहे. मला दुसरं मत जास्त पटतं. ताईंनी यादीबद्दल लिहिलंय ना, ती घरच्या माणसाची यादी वाटत नाही, कारकुनाची वाटते.

आणि ताई, एक दुरुस्ती. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या त्या चित्राला 'पुलकेशीच्या दरबारातला इराणी वकील' म्हणायची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. ते लेणं आता बहुतेक अभ्यासक पाचव्या शतकातलं मानतात. पुलकेशी सातव्या शतकातला. त्यामुळे ते जुळत नाही.

गोदाकाठची

ताम्रपट, दुरुस्ती मान्य. मी शिकवायला लागले तेव्हा तसंच शिकवत असू, आणि ते इतकं पक्कं बसलंय की लिहिताना शंकासुद्धा आली नाही. माझ्या ज्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत ते लिहून मार्क मिळवले त्यांच्यापैकी कोणी इथे असेल तर त्यांनीही वाचावं. आणि कारकुनाची यादी म्हणालात, ते मनात घोळतंय. तसं असलं तरी माझी आजी मला तिथून काढून टाकता येत नाही. दुसऱ्याचा माल असूनही इतक्या काळजीने वजनं लिहिणारा माणूस तर मला आणखी जवळचा वाटतो.

यंत्रवेडा

त्या ३० युआनच्या दालनातल्या चांदीच्या धूपगोळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! व्यास साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. बाहेर द्राक्षवेल आणि पक्ष्यांची जाळी. आत एकात एक दोन कडी, आणि मधे धूप ठेवायची छोटी वाटी. कड्यांचे आस एकमेकांना काटकोनात, त्यामुळे गोळा कसाही फिरवा, गडगडत सोडा, वाटी सपाटच राहते. निखारा सांडत नाही. जहाजातलं होकायंत्र लाटांवर सपाट ठेवायला हीच रचना वापरतात. मी तीस वर्षं कारखान्यात बेअरिंगांशी खेळलोय. इतक्या लहान आकारात चांदीत हे बसवणाऱ्या सोनाराला माझा साष्टांग नमस्कार.

याची आणखी एक गोष्ट आहे. आन लूशानच्या बंडात यांग गुईफेई या लाडक्या राणीला मारलं. पुढे तिचं शव हलवायला गेले तेव्हा शरीर मातीत गेलं होतं, पण 'सुवासाची पिशवी' तशीच होती, अशी इतिहासात नोंद आहे. लोक शेकडो वर्षं रेशमी पिशवी समजत आले, आणि रेशीम कसं टिकलं हा प्रश्न राहिला. १९८७ मध्ये शीआनजवळच्या फामन मंदिराखाली तळघर सापडलं. तिथे दानाच्या वस्तूंची यादी शिळेवर कोरलेली होती, आणि त्या यादीत असल्या धातूच्या गोळ्यांनाच 'सुवासाची पिशवी' म्हटलं होतं. मग उलगडा झाला.

भाकरतुकडा

एवढं सगळं वाचलं, आता पोटाचं सांगा. आम्ही उभयता शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. शीआनला दिवसभर काय खायचं?

शांघायकर

भाकरतुकडा, उपाशी राहणार नाही. 'ल्यांगफी' मागा: तांदळाच्या पिठाच्या गार पट्ट्या, त्यावर व्हिनेगर, लाल तिखटाचं तेल, काकडी. पट्ट्याएवढ्या रुंद 'ब्यांगब्यांग' शेवया मिळतात, त्या मांसाशिवाय मागायच्या. गव्हाचं पीक तिथलं, त्यामुळे भात कमी, पीठ जास्त. नोव्हेंबरात गेलात तर लिंतोंगच्या छोट्या लाल पर्सिमन फळांच्या तळलेल्या गोड पुऱ्या मुस्लिम मोहल्ल्यात जागोजागी दिसतील, पण त्या तव्यावर दुसरं काय तळतात ते बघून घ्या. 'वो छी सू' म्हणजे मी शाकाहारी. तरी रश्श्याबद्दल वेगळं विचारायचंच, हाडांचा असतो. मोठ्या बौद्ध मंदिरांजवळ पूर्ण शाकाहारी खानावळी असतात, तिथे निर्धास्त जेवा.

चाफा

ताम्रपट, युआन श्वांगाने महाराष्ट्राबद्दल नेमकं काय लिहिलंय? शाळेत एक वाक्य होतं, आठवत नाही.

ताम्रपट

थोडक्यात सांगतो. तो इकडे साधारण ६४१ मध्ये आला. 'मोहोलछा' असं नाव त्याने लिहिलंय. जमीन कसदार, लोक साधे, सरळ, पण अभिमानी. उपकार केला तर विसरणार नाहीत, अपमान केला तर जीव धोक्यात घालून सूड घेतील, पण आधी शत्रूला कळवतील आणि मगच हत्यार उचलतील. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा म्हणून बायकांचे कपडे देतात. लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. राजा पुलकेशी, ज्याला हर्षवर्धन जिंकू शकला नाही. राजधानीचं नाव त्याने दिलं नाही. नाशिकचं नावही काही अभ्यासकांनी घेतलं होतं, ताईंना आवडेल.

पूर्व सीमेवरच्या डोंगरात, खोल दरीत एक मोठा विहार आहे, तो अचल नावाच्या अर्हताने बांधला, असंही लिहितो. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात अचलाचं नाव आहे. म्हणून ते वर्णन अजिंठ्याचं मानतात. त्याने स्वतः पाहिलं की ऐकून लिहिलं, यावर वाद आहे.

गोदाकाठची

नाशिक आवडलंच!

मला पॅगोडाच्या पायरीवर हेच आठवत होतं. तो आपल्या डोंगरांबद्दल लिहायला बसला तो याच शहरात. ज्या भाषेत आपल्या गावांची नावं नीट उच्चारताही येत नाहीत, तिच्यात 'महाराष्ट्र' बसवायला त्याला किती अक्षरं जुळवून बघावी लागली असतील.

सुट्टीची_आई

नमस्कार. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी बारा. पुढच्या वर्षी जायचं ठरतंय. मुलं संग्रहालयात अर्ध्या तासात कंटाळतात. भित्तिचित्रांचं महाग तिकीट चौघांचं काढावं का? आणि सगळं मिळून फक्त दोन-अडीच तास असतील तर काय बघू?

गोदाकाठची

सगळं बघू नका. कांस्याची दालनं बाहेरूनच सोडा, मोठ्यांचाही तिथे जीव दमतो. मुलाला तांग दालनातला तीनरंगी उंट दाखवा. उंटाच्या पाठीवरच्या गालिच्यावर सात वादक गोलात बसलेत आणि मधे एक गायिका उभी आहे. आठ माणसं आणि एकच उंट! त्याला मोजू द्या, वाद्यं ओळखू द्या. यंत्रवेड्यांचा धूपगोळा दाखवण्याआधी घरी एकात एक बांगड्या दोऱ्याने अडकवून करून बघा, मग तिथे तो काचेला नाक लावून उभा राहील.

घोड्याची गोष्ट मुलीला सांगा. मुलाला फक्त नाच सांगा, शेवट नको.

भित्तिचित्रांचं तिकीट तुम्ही आणि मुलगी दोघींचंच काढा. यजमान आणि मुलगा बाहेर बागेत बसू देत. आत गेल्यावर त्या तिघींचं चित्र शोधा आणि मुलीला काही सांगू नका. मधली मुलगी काय करतेय ते तिने स्वतः हुडकावं. सिकाडा फार लहान आहे, मला भाचीने दाखवला तेव्हा दिसला. पासपोर्ट मात्र चौघांचे जवळ ठेवा.